जबरीची कबुली

गुन्हा ज्यानें केला त्यानेंच तो आपल्या तोंडानें कबूल करावा, याहून बळकट पुरावा कोणता असणार? साक्षीदार लोभानें किंवा द्वेषानें खोटें बोलतो, त्याची नजर चुकते, स्मृति दगा देते. परंतु स्वतःच्या गळ्यांत फांस अडकविण्यासाठीं कोणी खोटें कां बोलेल? हा प्रश्न इतका स्वाभाविक आहे कीं, बहुतेक राष्ट्रांच्या न्यायपद्धतींस त्यानें केव्हां ना केव्हां भुरळ घातली आहे. युरोपांतील जुन्या कायदेपंडितांनीं तर कबुलीस 'पुराव्यांची राणी' असा किताबच बहाल केला होता. पण या राणीचा महाल ज्या तळघरावर उभा होता त्या तळघरांत काय चालत असे, हें पाहिलें म्हणजे वरील प्रश्नाचें उत्तर मिळतें. मनुष्य स्वतःविरुद्ध खोटें बोलतो, कारण तें बोलविणारा त्याच्या समोर उभा असतो.

आपल्या देशाच्या कायद्यांत पोलिसापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाहीं, हें पुष्कळ सुशिक्षितांस ठाऊक असतें, आणि पुष्कळांस तें विचित्रही वाटतें. ज्या सरकारनें पोलीस नेमले, त्याच सरकारच्या कायद्यानें त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवावा, याचा अर्थ काय? हा अविश्वास कोठून आला, त्याच्या तटबंदींत फट कोठें राहिली, आणि त्या फटींतून आजवर काय काय आंत आलें, याचा थोडक्यांत इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

जबरीनें मिळविलेल्या शब्दास किंमत नाहीं, हें तत्त्व आधुनिकांनींच शोधून काढलें असें समजण्याचें कारण नाहीं. बळानें देवविलेलें, बळानें उपभोगिलेलें आणि बळानें लिहविलेलें सर्व कांहीं न केल्यासारखेंच समजावें, असा निर्णय मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत आहे. याज्ञवल्क्यानें लेख, भुक्ति व साक्षी हीं तीन प्रमाणें सांगून त्यांच्या अभावीं दिव्याची योजना केली. जेथें मानवी पुरावा थकला तेथें देवाची साक्ष काढावयाची, अशी ती कल्पना. मात्र कर्जाच्या रोख्याच्या बाबतींत शास्त्रानें जी काळजी घेतली, ती चोराच्या वाट्यास व्यवहारांत क्वचितच आली, हेंही कबूल केलें पाहिजे.

युरोपांतही दिव्यें होतीं. तापलेलें लोखंड हातांत धरावें, पाण्यांत बुडी द्यावी, आणि देव काय म्हणतो तें पाहावें. इ. स. १२१५ मध्यें रोम येथें भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनें धर्मगुरूंस अशा दिव्यांत भाग घेण्याची मनाई केली, आणि देवाची साक्ष बंद पडली. तेथून दोन वाटा फुटल्या. इंग्लंडनें निर्णयाचें काम आसपासच्या बारा जणांच्या, म्हणजे ज्यूरीच्या, हवालीं केलें. इटली, फ्रान्स, जर्मनी इत्यादि देशांतील पंडितांनीं मात्र असा नियम बसविला कीं, देहान्त शिक्षेच्या गुन्ह्यास एक तर दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवेत, नाहीं तर आरोपीची स्वतःची कबुली हवी. न्यायाधीशाच्या लहरीस आळा घालावा हा या नियमाचा हेतु चांगला होता. पण परिणाम भयंकर झाला. दोन माणसांच्या देखत खून करणारे थोडे. म्हणून संशयापुरता 'अर्धा पुरावा' मिळाला कीं उरलेला अर्धा आरोपीच्या शरीरांतून काढावयाचा, असा प्रघात पडला. त्यांतही खबरदारी होती! छळाच्या वेळीं दिलेली कबुली तेवढ्यानें ग्राह्य नसे. छळाच्या खोलीबाहेर आरोपीनें तिचा 'स्वखुशीनें' पुनरुच्चार करावा लागे. त्यानें ती नाकारली, तर त्याला पुन्हां त्याच खोलींत नेत. अशा स्वखुशीचा अर्थ निराळा सांगावयास नको.

या पद्धतीचा नमुना म्हणून मिलान शहरांतील एक खटला ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. १६३० सालीं तेथें प्लेगनें कहर मांडला होता. कोणी दुष्ट लोक भिंतींस विषारी लेप लावून सांथ पसरवितात, अशी आवई उठली होती. २१ जून रोजीं सकाळीं, पाऊस पडत असतां, एका बाईनें खिडकींतून पाहिलें कीं एक मनुष्य भिंतीच्या कडेनें चालला आहे, त्याच्या हातांत कागद आहे, आणि तो भिंतीस हात लावीत आहे. हा मनुष्य आरोग्य खात्याचा अंमलदार गुलिएल्मो पियात्सा. लिहितांना शाईनें भरलेलीं बोटें त्यानें भिंतीस पुसलीं असावींत, आणि पावसापासून बचाव व्हावा म्हणून तो कडेनें चालला असावा, असा साधा तर्क पुढें दोन शतकांनीं मांझोनी या कादंबरीकारानें केला. त्या दिवशीं तो कोणास सुचला नाहीं. पियात्सास पकडून त्याचा दोनदां छळ करण्यांत आला. पण तो कांहीं बोलेना. तेव्हां, साथीदार सांगशील तर माफी मिळेल, असें त्यास वचन देण्यांत आलें. वेदनेनें जें साधलें नव्हतें तें आशेनें साधलें. पियात्सानें जानजाकोमो मोरा नांवाच्या एका न्हाव्याचें नांव घेतलें. हा न्हावी प्लेगपासून बचावाचें एक मलम तयार करीत असे, एवढाच काय तो धागा.

मोराच्या घराची झडती झाली, आणि तेथें एक 'पुरावा' सांपडला. आवारांत एका भांड्यांत राखेचें पाणी होतें. कपडे धुण्यासाठीं असें पाणी त्या काळीं घरोघर असे. परंतु कोर्टानें धोबिणी बोलावून त्यांचें मत घेतलें, आणि भेदरलेल्या त्या बायांनीं हें पाणी साधें नाहीं असें सांगितलें. मग मोराचा छळ झाला. त्यानें कबूल केलें, नंतर नाकारलें, पुन्हां छळाची धमकी मिळतांच पुन्हां कबूल केलें. ऑगस्टच्या आरंभीं दोघांसही हाल हाल करून ठार मारण्यांत आलें. न्हाव्याचें घर जमीनदोस्त करून त्या जागीं लोकांच्या माहितीसाठीं एक 'कलंकस्तंभ' उभारला गेला. १७७८ सालीं तो पाडण्यांत आला, तोंपर्यंत त्याच्या कलंकाचा अर्थ उलटा झाला होता. न्हाव्याच्या दुष्कृत्यासाठीं उभारलेला स्तंभ न्यायाधीशांच्या दुष्कृत्याची खूण बनला होता. १७६४ मध्यें गुन्हे व शिक्षा यांवर ग्रंथ लिहून छळाच्या पद्धतीचा पाया खिळखिळा करणारा बेकारिया हा याच शहराचा रहिवासी, आणि या खटल्याची चिकित्सा करणारा पिएत्रो व्हेरी हा त्याचा स्नेही.

वाचकांनीं त्या राखेच्या पाण्याचें भांडें लक्षांत ठेवावें, अशी आमची विनंति आहे. कबुली एकटी असतां तिच्याविषयीं शंका येते. पण तिच्या जोडीस एखादी वस्तु आणून ठेवली म्हणजे दोन्ही खऱ्या भासूं लागतात. वस्तु कबुलीस आधार देते, आणि वस्तूचा अर्थ कबुली सांगते. हें परस्परांच्या आधारावर उभे राहण्याचें नाटक आपणांस पुढें पुन्हां भेटणार आहे.

इंग्लंडांत ज्यूरी असल्यामुळें कबुलीवांचून अडत नव्हतें. तरी तें राष्ट्र या रोगापासून अगदींच अलिप्त होतें असें नाहीं. तेथील 'स्टार चेंबर' नांवाचें राजाचें न्यायालय आरोपीस आरोप काय तें न सांगतां, विचारूं त्या सर्व प्रश्नांचीं खरीं उत्तरें देईन, अशी शपथ घ्यावयास लावी. १६३७ सालीं जॉन लिलबर्न या तरुणास निषिद्ध पुस्तकांच्या प्रकरणीं पकडलें, तेव्हां त्यानें ही शपथ घेण्याचें साफ नाकारलें. १६३८ मध्यें त्यास फ्लीटच्या तुरुंगापासून वेस्टमिन्स्टरपर्यंत गाडीमागें बांधून फटके मारीत नेण्यांत आलें. त्याच्या पाठीवरील वळ बुजण्यापूर्वींच म्हटलें तरी चालेल, १६४१ सालीं पार्लमेंटनें तें न्यायालय मोडून टाकलें. 'कोणासही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडूं नये' हें तत्त्व इंग्रजी कायद्यांत रुजलें, त्यांत या फटक्यांचा वांटा मोठा आहे.

पुढें १७८३ मध्यें लंडनच्या ओल्ड बेली कोर्टांत एक लहानसा खटला चालला, पण त्याची सांवली थेट आपल्या पोलीस ठाण्यापर्यंत पडली आहे. वॉरिकशॉल नांवाच्या एका बाईवर चोरीचा माल ठेवून घेतल्याचा आरोप होता. तिला सवलतीची आशा दाखवून कबुली घेण्यांत आली, आणि तिनें सांगितल्याप्रमाणें माल तिच्या बिछान्यांत दडविलेला सांपडला. तिच्या वकिलानें म्हटलें कीं, कबुली अग्राह्य, तर तिच्यामुळें सांपडलेला मालही अग्राह्य समजावा. कोर्टानें तें मानलें नाहीं. आशेच्या लालचीनें किंवा भीतीच्या यातनेनें काढलेला शब्द विश्वासास पात्र नाहीं, म्हणून तो टाकावा. पण माल सांपडला ही घटना आहे, आणि घटना कोणाच्या सांगण्यानें खरी किंवा खोटी होत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, येथें माल आंत आला, शब्द बाहेरच राहिले.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननें १८१९ मध्यें जिंकलेल्या प्रांताविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत जुन्या मराठी न्यायव्यवस्थेचें वर्णन आहे. दिवाणी कामांत पंचायत कशी बसे, वादी-प्रतिवादींकडून राजीनामे कसे घेत, याविषयीं तो बराच आदरानें लिहितो. परंतु दरोडेखोरांच्या टोळीचा इन्साफ कसा होई हें सांगतांना तो म्हणतो कीं, सरसुभेदार कैद्यांस पुढें आणवी, संशयास जागा दिसली कीं कबूल करण्यासाठीं त्यांस फटके मारण्याचा हुकूम देई, आणि पाटील, गांवकरी व फिर्यादी यांचें म्हणणें ऐकून, कैद्यांचे जबाब लिहून घेई. 'चौदावें रत्न' हा शब्द आपल्या भाषेंत कोणीं परदेशांतून आणलेला नाहीं. समुद्रमंथनांतील चौदा रत्नांपैकीं शेवटचें म्हणून चाबकास विनोदानें हें नांव देणाऱ्या समाजास, मारल्यानें खरें बाहेर पडतें असा भरंवसा वाटत असला पाहिजे.

इंग्रजांनीं फटक्यांचा हुकूम देण्याचा अधिकार कागदोपत्रीं काढून घेतला. फटके मात्र गेले नाहींत. १८५४ सालीं हिंदुस्थानांतील छळाचा प्रश्न इंग्लंडच्या कॉमन्स सभेंत निघाला, आणि मद्रास सरकारास चौकशीसाठीं इलियट, स्टोक्स व नॉर्टन या तिघांचें कमिशन नेमावें लागलें. या कमिशनपुढें तीन महिन्यांच्या मुदतींत १,९५९ तक्रारी आल्या; त्यांपैकीं ५१९ लोक समक्ष आले, आणि १,४४० जणांनीं पत्रें पाठविलीं. रेल्वे नाहीं, वाटखर्च पदरचा, आणि परत गेल्यावर गांठ त्याच अंमलदाराशीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्यांचें वजन कळतें. १८५५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अहवालांत छळाच्या प्रकारांची यादीच आहे. 'किट्टी' म्हणजे लांकडाच्या दोन पट्ट्यांचा चिमटा. त्यांत बोटें घालून दाबीत. डोळ्यांत तिखट घालीत. मान वांकवून पायांशीं बांधीत आणि उन्हांत उभें करीत. बेंबीवर किडे बांधीत. सारावसुलीसाठीं आणि गुन्ह्याची कबुली काढण्यासाठीं हींच साधनें वापरलीं जात, कारण पुष्कळ ठिकाणीं महसूल व पोलीस हीं दोन्ही कामें त्याच नोकरांच्या हातीं होतीं.

कमिशननें दोष दिला तो हाताखालच्या देशी नोकरांस. गोऱ्या अधिकाऱ्यांची संमति नव्हती असा निर्वाळा दिला. हा निर्वाळा निःपक्षपातीपणाचा होता असें आम्हांस वाटत नाहीं. वसुलीचा आंकडा कोणीं ठरविला आणि शाबीत गुन्ह्यांची संख्या वाढली म्हणून शाबासकी कोण देत होतें, हे प्रश्न कमिशननें आपल्या अंगाला लावून घेतले नाहींत. किट्टी दाबणारा हात काळा होता. पण त्या हातास घाई करणारा हुकूम कोठून येत होता, हें उघड आहे. तथापि सरकारनेंच नेमलेल्या मंडळानें सरकारी नोकर कबुली कशी काढतात हें छापून प्रसिद्ध केलें, याचा परिणाम कायद्यावर झाल्यावांचून राहिला नाहीं.

१८६१ सालीं पोलिसांचा कायदा झाला आणि फौजदारी कामाचा पहिला सर्वसाधारण कायदाही झाला. या दुसऱ्या कायद्याच्या १४८ व्या कलमानें पोलिसापुढील कबुलीजबाब पुराव्यांतून वगळला. १४९ व्या कलमानें पोलिसांच्या ताब्यांत असतां दिलेली कबुली मॅजिस्ट्रेटच्या समक्ष नसेल तर वगळली. आणि १५० व्या कलमानें, अशा माणसानें सांगितलेल्या माहितीवरून कांहीं वस्तुस्थिति उघडकीस आली असेल, तर त्या माहितीचा तेवढा भाग ग्राह्य ठरविला. हीं तीन कलमें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत अनुक्रमें २५, २६ व २७ या अंकांनीं आलीं, आणि दीडशें वर्षें तेथेंच राहिलीं. हा कायदा रचणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याच्या पुढील लेखनांत एका अनुभवी मुलकी अधिकाऱ्याचें मत नमूद आहे. त्याचा मथितार्थ असा कीं, छळाचें मूळ क्रौर्यांत नसून आळसांत आहे. उन्हांत हिंडून पुरावा गोळा करण्यापेक्षां सांवलींत बसून एका दुबळ्या माणसास छळणें सोपें असतें. आमच्या मतें या सर्व कायद्याची किल्ली या एका विचारांत आहे. कबुली वगळणारें कलम गुन्हेगारावर दया म्हणून केलेलें नाहीं. पोलिसानें सांवलींतून उठून उन्हांत जावें म्हणून केलेलें आहे.

पण मग २७ वें कलम कशासाठीं? उत्तर वॉरिकशॉलच्या बिछान्यांत आहे. सांगितल्या ठिकाणीं माल सांपडला, म्हणजे सांगणें खरें असलें पाहिजे, हा तर्क. मात्र लंडनच्या त्या निकालांत केवळ घटना ग्राह्य होती. हिंदुस्थानच्या कलमानें घटनेबरोबर माहितीचे शब्दही आंत घेतले, मग ते कबुलीच्या स्वरूपाचे असोत वा नसोत. पुढील दार घट्ट लावून घेतलें आणि मागील खिडकीची कडी सैल ठेवली, असा हा प्रकार झाला. तपास करणारांच्या दृष्टीस ही खिडकी न पडती तरच नवल. निवेदनाचा पंचनामा आणि जप्तीचा पंचनामा हें जोडपें तेव्हांपासून आपल्या फौजदारी कोर्टांत नांदूं लागलें. आरोपी पंचांसमक्ष 'मी दाखवितों' म्हणतो, पुढें चालूं लागतो, आणि झुडपांतून कोयता किंवा जमिनींतून दागिने निघतात.

ही खिडकी किती उघडावी, या प्रश्नाचा निकाल अखेर लंडन येथें प्रिव्ही कौन्सिलनें १९४६ च्या डिसेंबरांत दिला. खटला मद्रास इलाख्यांतील, दंगा व खून यांचा. आणि निकाल लिहिणारे सर जॉन बोमॉन्ट हे पूर्वीं मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश असल्यामुळें इकडच्या पंचनाम्यांशीं चांगले परिचित होते. सरकारपक्षाचें म्हणणें असें कीं, हत्यार सांपडलें म्हणजे त्या हत्याराविषयीं आरोपी जें जें बोलला तें सर्व ग्राह्य. न्यायाधीशांनीं हें म्हणणें फेटाळलें. समजा, आरोपी म्हणाला, 'माझ्या घराच्या छपरांत लपविलेला सुरा मी काढून देतों.' यावरून सुऱ्याचा शोध लागत नाहीं. सुऱ्यांचा शोध जगास फार पूर्वींच लागलेला आहे! शोध लागतो तो इतकाच कीं, अमुक सुरा अमुक ठिकाणीं आहे आणि तें आरोपीस ठाऊक आहे. त्यानें पुढें 'याच सुऱ्यानें मी अमक्यास भोंसकलें' असें जोडलें, तर ते शब्द बाहेर टाकले पाहिजेत. कारण भोंसकणें हें छपरांत सांपडलेलें नाहीं. असें न केल्यास, कबुलीच्या वाक्यांत हत्याराचा उल्लेख घालण्याची युक्ति पोलिसांस सांपडेल आणि मागील दोन कलमांची मनाई नांवापुरती राहील, हें त्या निकालांतील मर्म आहे. आजही आपलीं न्यायालयें या प्रश्नावर याच निकालाचा दाखला देतात.

निकाल उत्तम होता. परंतु एक गोष्ट त्याच्या आवांक्याबाहेरची होती. वस्तु आरोपीच्या सांगण्यावरून सांपडली, कीं ती आधींच सांपडली होती आणि सांगणें मागाहून लिहिलें गेलें, हें कलमाच्या अर्थावरून कळत नाहीं. पंच किती सचोटीचे यावर तें अवलंबून असतें. मिलानच्या न्हाव्याच्या घरांतील भांडें खरें होतें, पाणी खरें होतें. खोटा होता तो त्यांस दिलेला अर्थ.

२६ जानेवारी १९५० रोजीं भारताची राज्यघटना अंमलांत आली, आणि लिलबर्ननें पाठीवर वळ घेऊन मिळविलेलें तत्त्व तिच्या विसाव्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडांत दाखल झालें. आरोपीस स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ति करतां येणार नाहीं, हा आतां मूलभूत हक्क ठरला. १९६१ मध्यें मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनीं या हक्काची सीमा आंखली. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणें म्हणजे साक्ष देणें नव्हे. साक्ष म्हणजे आपल्या मनांतील माहिती सांगणें. आणि २७ वें कलम घटनेच्या विरुद्ध नाहीं. मात्र ती माहिती सक्तीनें काढलेली नसावी. केवळ पोलिसांच्या ताब्यांत असणें म्हणजे सक्ति नव्हे, असेंही न्यायालयानें सांगितलें. तर्कदृष्ट्या हें खरें असेल; पण चार भिंतींच्या आड सक्ति झाली हें एकट्या कैद्यानें दाखवावें कसें, हा प्रश्न त्यामुळें सुटत नाहीं.

पुढें शरीराचा छळ न करतां मनाचें कुलूप उघडण्याचीं साधनें निघालीं. गुंगीचें औषध टोंचून अर्धवट शुद्धींत असलेल्या आरोपीस प्रश्न विचारण्याची पद्धति विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर आपल्याकडे बरीच बोकाळली. २००४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें अशा चाचण्यांस मुभा दिली होती. परंतु २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें सेल्वी खटल्यांत असें ठरविलें कीं, संमतीवांचून अशी चाचणी करणें म्हणजे सक्तीची साक्ष घेणेंच होय. ज्याची इच्छाशक्तिच काढून घेतली त्याच्या तोंडून निघालेला शब्द त्याचा नव्हे, हा विचार मनुस्मृतींतील त्या जुन्या निर्णयाहून फार दूर नाहीं.

एकीकडे न्यायालयें हक्काचें कुंपण घट्ट करीत असतां दुसरीकडे कायदेमंडळें त्यांत नवीं फाटकें बसवीत होतीं. दहशतवादाविरुद्ध केलेल्या १९८७ च्या 'टाडा' कायद्यानें वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य ठरविली, आणि १९९४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानें ती तरतूद कायम केली. तो कायदा १९९५ मध्यें संपला. त्याच्या वाटेनें २००२ मध्यें 'पोटा' आला आणि २००४ मध्यें गेला. महाराष्ट्रानें संघटित गुन्हेगारीविरुद्ध १९९९ मध्यें केलेल्या कायद्याचें अठरावें कलम मात्र टिकून आहे. त्यान्वयें पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानें नोंदविलेली कबुली पुराव्यांत येते. हुद्दा वाढला म्हणजे मोह कमी होतो, अशी त्यामागील समजूत दिसते.

या समजुतीची किंमत काय पडते, याचें उदाहरण मुंबईकरांच्या घरापाशींचेंच आहे. ११ जुलै २००६ रोजीं उपनगरी गाड्यांत झालेल्या स्फोटांत १८० हून अधिक माणसें मेलीं. २०१५ सालीं खास न्यायालयानें बारा जणांस दोषी ठरविलें, त्यांपैकीं पांचांस देहान्त शिक्षा सांगितली. कबुलीजबाब हा पुराव्याचा एक मोठा खांब होता. २१ जुलै २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें त्या कबुल्या विश्वासार्ह नाहींत असें ठरवून सर्वांस दोषमुक्त केलें. तीन दिवसांनीं सर्वोच्च न्यायालयानें, हा निर्णय इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरला जाऊं नये, असा हुकूम केला. सुटलेल्यांस पुन्हां तुरुंगांत पाठविलें नाहीं. कोणाचें म्हणणें खरें याचा निवाडा करणें हें आमचें काम नव्हे. पण एकोणीस वर्षांनंतर मृतांच्या घरच्यांस गुन्हेगार कोण हें निश्चयानें सांगतां येऊं नये, आणि ज्यांस दोषमुक्त केलें त्यांच्या आयुष्याचीं तेवढींच वर्षें परत देतां येऊं नयेत, यांत जिंकलें कोण? सांवलींत बसून मिळविलेला पुरावा उन्हांत टिकला नाहीं, तर त्याचें दुःख दोन्ही बाजूंस सोसावें लागतें.

१ जुलै २०२४ पासून जुना पुराव्याचा कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला. २५ वें व २६ वें कलम आतां तेविसाव्या कलमांत एकत्र झालें आहे, आणि २७ वें त्याच्याच शेपटाशीं परंतुक म्हणून जोडलें आहे. दार आणि खिडकी एकाच चौकटींत आलीं, एवढाच फरक. मोजमाप तेंच राहिलें. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानें १९९७ मध्यें सही केली, परंतु तिला अद्याप अनुसमर्थनाची जोड मिळालेली नाहीं.

आतां शेवटची गोष्ट. कायद्याच्या कलमांस कितीही कुलपें लावलीं तरी त्यांची एक किल्ली समाजाच्या हातीं असते. वर्तमानपत्रांत 'आरोपीनें गुन्ह्याची कबुली दिली' अशी एक ओळ छापून येते, आणि सकाळच्या चहाबरोबर आपण त्या माणसाचा निकाल लावून मोकळे होतों. कबुली कोठें दिली, कोणापुढें दिली, कितव्या दिवशीं दिली, हें विचारण्याचें आपल्या मनांत येत नाहीं. कांहीं दिवसांत कबुलीची बातमी आली नाहीं, तर पोलीस निष्क्रिय आहेत म्हणून आपणच ओरड करतों. आणि ती ओरड ज्या खोलींत जाऊन पोंचते, तेथें तिचा अर्थ काय लावला जातो, हें पाहण्यास आपण जात नाहीं. एकोणिसाव्या शतकांत किट्टी दाबणाऱ्या हातास वरून हुकूम घाई करीत होता. आज ती घाई लोकमताची असते. मिलानच्या न्यायाधीशांनीं जें केलें तें लोकांच्या इच्छेविरुद्ध नव्हे, लोकांच्या आग्रहानें केलें होतें.

पोलिसांचें काम अवघड आहे, माणसें थोडीं आहेत, तपासाचीं साधनें अपुरीं आहेत, हें सर्व खरें. पण त्यावरील उपाय म्हणजे अधिक माणसें, अधिक साधनें आणि अधिक अवधि. कबुलीचें फाटक रुंद करणें हा नव्हे. जबरीच्या कबुलीवर कायद्यानें टाकलेला बहिष्कार ही गुन्हेगारास दिलेली सवलत आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, निरपराध्याकडून कबुली मिळाली त्या दिवशीं खऱ्या गुन्हेगाराचा शोध थांबतो. मिलानांत दोन माणसें मेलीं, स्तंभ उभा राहिला, आणि प्लेग पूर्वीसारखाच शहरांत फिरत राहिला.